काइटसर्फिंग शिकताना वारा कसा निवडायचा: नवशिक्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

काइटसर्फिंग, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर बोर्डवर उभं राहून पाण्यावरून सरकायचा खेळ, शिकायचं ठरलं की बहुतेक जण हवामानाच्या अ‍ॅपमध्ये एकच आकडा शोधतात: वारा किती नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर)? १० कमी, १५ छान, २५ नको. आकडा लागतोच, पण त्याचा नंबर तिसरा. आधी दिशा बघायची, मग वारा किती एकसारखा आहे ते, आणि त्यानंतर वेग. या तीन चाळण्या याच क्रमाने लावायच्या. पहिल्याच चाळणीत दिवस अडला तर पुढचं बघू नका, त्या दिवशी धडा नाही.

हे सगळं प्रशिक्षक बघतोच, मग आपण कशाला बघायचं? कारण प्रवास, सुट्टी आणि पैसे आपले असतात. शिवाय प्रशिक्षक "आज नको" म्हणाला तर का म्हणाला ते कळतं, आणि "चालेल, उतरू या" म्हणाला तर चार नेमके प्रश्न विचारता येतात.

पहिली चाळणी: दिशा

समुद्राकडे तोंड करून उभे राहा. वारा पाठीमागून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे जात असेल तर विषय संपला. नवशिक्याला अजून वाऱ्यावर चढता येत नाही. म्हणजे वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला तिरकं सरकत परत यायचं कसब त्याच्याकडे नसतं. त्यामुळे काहीही चुकलं, बोर्ड निसटला, काइट पाण्यात पडली, हात थकले, की तो वारा जिकडे नेईल तिकडे जातो. जमिनीकडून सुटलेला वारा त्याला खोल समुद्रात नेतो. हा वारा फसवाही असतो. किनाऱ्यालगत पाणी अगदी सपाट दिसतं, कारण तिथे झाडांचा, टेकडीचा किंवा इमारतींचा आडोसा असतो. शे-दोनशे मीटर आत गेल्यावर खरा वारा लागतो आणि तोवर परतीची वाट लांबलेली असते.

समुद्राकडून सरळ किनाऱ्यावर येणारा वारा निदान परत तरी आणतो. अडचण वेगळी आहे: किनारा सोडताच येत नाही. काइटच्या लाइन, म्हणजे दोऱ्या, साधारण २० ते २५ मीटर लांब असतात. सरळ किनाऱ्याकडच्या वाऱ्यात काइट तेवढं अंतर आधीच जमिनीच्या बाजूला असते, म्हणजे वाळूवर, कधी लोकांच्या डोक्यावर, कधी कुंपणावर. किनारा रुंद आणि रिकामा असेल, पाणी लांबवर कमरेएवढंच असेल, तर अशा वाऱ्यात बोर्डशिवाय काइटने ओढून घेण्याचा सराव, म्हणजे बॉडी ड्रॅग, होऊ शकतो. बोर्डवर उभं राहण्याचा धडा मात्र सारखा वाळूत संपतो.

किनाऱ्याला समांतर वारा अनुभवी लोकांचा लाडका. शिकणारा मात्र किनाऱ्याशेजारून वाहत जातो, धड किनाऱ्यालाही लागत नाही. सोबत मदतीची बोट असेल तरच तो घ्यावा.

उरतो तो तिरका वारा, समुद्राकडून साधारण ४५ अंशांत किनाऱ्यावर येणारा. शिकायला हाच. बाजूने सुटायला जागा मिळते आणि काहीही झालं तरी माणूस थोडा पुढे जाऊन किनाऱ्यालाच लागतो.

हे घरी बसून ठरवता येतं. नकाशावर किनाऱ्याची रेघ बघा. समजा ती उत्तर-दक्षिण आहे आणि समुद्र पश्चिमेला आहे. मग पश्चिमेचा वारा सरळ किनाऱ्यावर, उत्तरेचा किंवा दक्षिणेचा समांतर, आणि वायव्येचा किंवा नैर्ऋत्येचा हवा तसा तिरका. पूर्वेकडचा कुठलाही वारा बाद. इथे एक गोंधळ हमखास होतो. वाऱ्याचं नाव तो जिकडून येतो त्या दिशेवरून असतं, पण बऱ्याच अ‍ॅपमधला बाण तो जिकडे जातो ती दिशा दाखवतो. वायव्य वाऱ्याचा बाण आग्नेयेकडे टोक करून दिसेल. बाण आणि नाव एकदा ताडून बघा, नाहीतर नेमका उलटा दिवस निवडाल.

दिशा पटली की वारा जाणार त्या बाजूचा दोन-तीनशे मीटरचा पट्टा बघा. खडक, धक्का, नांगरलेल्या होड्या, मासेमारीची जाळी, विजेच्या तारा, पोहणाऱ्यांची गर्दी. यातलं काही असेल तर तिरका वारासुद्धा तुम्हाला नेऊन त्याच्यावरच टाकेल. स्पेनमधलं तारिफा हे काइटसर्फिंगचं नावाजलेलं गाव याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे दोन मुख्य वारे. पूर्वेचा लेवान्ते जोरदार आणि झोतांचा, अटलांटिकच्या बाजूच्या किनाऱ्यांवर बराचसा जमिनीकडून येणारा. पश्चिमेचा पोनियेन्ते समुद्रावरून येतो आणि बहुधा सौम्य, एकसारखा असतो. गाव एकच, पण नवशिक्याचा दिवस कुठला हे वाराच ठरवतो.

दुसरी चाळणी: एकसारखेपणा

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १५ नॉटच्या वाऱ्यात मधूनच १८ चा झोत आला तर ओढ सुमारे दीडपट होते, ती सांभाळता येते. तोच झोत २५ चा असेल तर ओढ पावणेतीन पटींच्या पुढे जाते. आणि झोतांच्या मधे वारा ८ वर उतरत असेल तर ८ ते २५ मधला फरक जवळजवळ दहापट. अ‍ॅपमध्ये मात्र या दिवसापुढेही "१५ नॉट" असंच लिहिलेलं असतं.

शिकणाऱ्याच्या हातात तेव्हा काय घडतं ते बघा. झोत आला, हार्नेसला, म्हणजे काइट जोडलेल्या कमरेच्या पट्ट्याला, हिसका बसला. माणूस घाबरला की हातातली वस्तू घट्ट धरून अंगाशी ओढतो. काइटचा बार, म्हणजे हातात धरायचा दांडा, अंगाशी ओढला की काइटची ताकद वाढते, कमी होत नाही. म्हणजे भीतीच्या क्षणी शरीर जे आपोआप करतं ते इथे नेमकं उलटं पडतं. बार सोडून द्यायची सवय लागायला वेळ लागतो आणि ती एकसारख्या वाऱ्यातच लागते. वारा अचानक पडला तर काइट मागे येते, लाइन ढिल्या पडतात, आणि ती सावरायच्या आत पुढचा झोत तिला भलत्याच कोनात पकडतो.

अंदाजात सरासरी वारा आणि झोत असे दोन आकडे असतात. दोन्ही बघा. झोत सरासरीपेक्षा एक तृतीयांशाहून जास्त असेल, म्हणजे १५ ला २० च्या वर, तर पहिल्या काही धड्यांसाठी तो दिवस सोडावा असं मी म्हणेन. १४ ला १७ हा झकास दिवस.

वारा झोतांचा होतो तो बहुधा अडथळ्यांमुळे. ओढ्यातल्या दगडामागे पाणी जसं घुसळतं तसा घर, झाडांची रांग किंवा कडा यांच्या मागे वारा घुसळतो. अडथळ्याच्या उंचीच्या किमान दहापट अंतरापर्यंत तो खराब धरावा. १० मीटर उंच झाडांमागे निदान १०० मीटर. खुल्या समुद्रावरून येणारा वारा म्हणूनच शिकायला बरा. ईशान्य ब्राझीलचा किनारा काइटवाल्यांनी डोक्यावर घेतला आहे तोही याचसाठी: वर्षाच्या उत्तरार्धात तिथे समुद्रावरून येणारे व्यापारी वारे दिवसेंदिवस जवळपास एकाच चालीने वाहतात.

तिसरी चाळणी: वेग, पण कुठल्या धड्यासाठी?

"नवशिक्यांसाठी १२ ते १८ नॉट" हे ढोबळ उत्तर बरोबर आहे. ताशी किलोमीटरमध्ये ते साधारण २२ ते ३३ होतं. पण शिकण्याच्या प्रत्येक टप्प्याला वेगळा वारा लागतो.

जमिनीवर छोटी सराव काइट उडवायला ८ ते १२ नॉट पुरतात, आणि हा धडा कमी वाऱ्याच्या दिवशीच उरकून घेणं शहाणपणाचं. बॉडी ड्रॅगला १२ ते १६ छान. बोर्डवर उभं राहायच्या धड्याला थोडा भरीव वारा हवा, १४ ते १८. त्याहून कमी असेल तर काइट उचलत नाही, माणूस अर्धवट उठून परत बसतो आणि दोष स्वतःला देतो. २० च्या वर गेला की प्रशिक्षक छोटी काइट लावून धडा घेऊ शकतो, पण चुकीला मिळणारी सवलत फार कमी होते. २५ ला शिकणाऱ्याने किनाऱ्यावर बसून इतरांना बघावं, तेही शिक्षणच.

कमी वारा म्हणजे सुरक्षित वारा, हा समज सोडा. पाण्यात पडलेली काइट पुन्हा उडवायला वारा लागतो. फ्रान्सच्या ब्रूनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरायच्या काइटच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागे पाण्यात पडलेली काइट पुन्हा उडावी हाच मोठा हेतू होता. तरीही १० नॉटच्या आसपास किंवा खाली ती नुसतीच लोळत पडते, लाइन गुंततात, आणि शिकणारा पाण्यात गुंत्याशेजारी तरंगत बसतो. मंद वारा भल्याभल्यांना अडवतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या काइटच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या, तिथेही वारा नाही म्हणून शर्यती लांबल्या होत्या.

वजनाचाही हिशोब आहे. किलोमधलं वजन गुणिले २.२ भागिले नॉटमधला वारा, की काइटचा अंदाजे आकार चौरस मीटरमध्ये येतो. ७५ किलोच्या माणसाला १५ नॉटमध्ये ११ चौरस मीटरची काइट. हे सूत्र स्वतः चालवणाऱ्यांचं आहे. पहिल्या धड्यांत प्रशिक्षक यापेक्षा लहान काइट देतो आणि ते योग्यच. उपयोग इतकाच की ५० किलोची मुलगी आणि ९५ किलोचा माणूस एकाच काइटवर आलटून पालटून शिकणार असतील तर त्यातल्या एकाचा धडा वाया जाणार, हे आधी कळतं.

थंडीतला वारा त्याच आकड्याला जड लागतो. ५ अंशांची हवा ३० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के घन असते, आणि ओढही तेवढी जास्त.

अंदाज कसा वाचायचा

विंडगुरू, विंडी, विंडफाइंडर यांपैकी काहीही वापरा. ही दुकानं आहेत, माल वेगवेगळ्या हवामान-मॉडेलांचा, म्हणजे संगणकावर अंदाज काढणाऱ्या प्रणालींचा, असतो. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ ही दोन जागतिक मॉडेलं बहुतेक ठिकाणी दिसतात. जीएफएस दिवसातून चार वेळा नव्याने चालवलं जातं, त्यामुळे सकाळी बघितलेला आकडा संध्याकाळी बदलला तर अ‍ॅप बिघडलं असं समजू नका. दोन मॉडेलं सारखंच सांगत असतील तर भरवसा धरा. एक १२ म्हणतंय आणि दुसरं २२, तर त्याचा अर्थ १७ नॉट असा होत नाही. कोणालाच अजून नक्की माहीत नाही, एवढाच अर्थ.

आठवडाभर आधी फक्त कल बघा. तीन दिवस आधी दिशा बऱ्यापैकी ठरलेली दिसते. झोतांचा आणि वेळेचा विचार आदल्या संध्याकाळी करा, आणि सकाळी जवळच्या केंद्रावर प्रत्यक्ष मोजलेला वारा मिळाला तर तो कुठल्याही अंदाजापेक्षा खरा माना.

तीन गोष्टी तपासा. एकक: नॉट, मीटर प्रतिसेकंद की किलोमीटर? मीटर प्रतिसेकंदाची दुप्पट म्हणजे साधारण नॉट. वेळ: स्थानिक की यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ? उंची: अंदाजातला वारा जमिनीपासून १० मीटरवरचा धरलेला असतो. काइट त्याहून वर उडते, तिथे वारा थोडा जास्त असतो. हातात धरलेलं वारामापक यंत्र त्याच्या खाली, तिथे थोडा कमी.

आता शाळेच्या भूगोलातले खारे वारे आणि मतलई वारे आठवा, कारण जगभरातले कितीतरी काइट-स्पॉट खाऱ्या वाऱ्यांवर चालतात. ऊन चढतं, जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा हलकी होऊन उठते आणि तिच्या जागी समुद्रावरची हवा येते. हा वारा साधारण उशिरा सकाळी सुरू होतो, दुपारी भरात येतो आणि सूर्य कलला की ओसरतो. रात्री उलटा, जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई. तो पहाटेपर्यंत रेंगाळतो, म्हणून सकाळी आठला किनाऱ्यावर वारा उलटा दिसला तरी लगेच निराश होऊ नका.

खाऱ्या वाऱ्याच्या काही खोडी आहेत. आकाश झाकलेलं राहिलं तर तो उठतच नाही. उठताना बराचसा सरळ किनाऱ्याकडे येतो आणि दिवस चढतो तसा वळत जातो, उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे. त्यामुळे बाराला सरळ लागणारा वारा तीनला छान तिरका झालेला असू शकतो. नकाशा मोठ्या चौकटींत विभागून अंदाज देणारी जागतिक मॉडेलं हा स्थानिक वारा बऱ्याचदा कमी दाखवतात. मॉडेल १० म्हणतं आणि तिथले लोक "दुपारी १६ होतो" म्हणतात, तेव्हा ऊन असेल तर लोकांचं ऐका. आणि तो ओसरतो तेव्हा भराभर ओसरतो. धडा सूर्यास्ताला टेकवू नका. वारा अजून टिकून असतानाच पाण्यातून बाहेर पडता येईल अशी वेळ घ्या.

पाणी

वारा जमला तरी पाणी दिवस बिघडवू शकतं. शिकायला कमरेएवढं, सपाट, तळाशी वाळू असलेलं पाणी हवं. खाडी किंवा लगून मिळालं तर उत्तम. गुडघ्याएवढ्या लाटा चालतात. किनाऱ्यावरच आदळून फुटणारी मोठी लाट नको, कारण काइट आणि बोर्ड सांभाळत तिच्यातून आत जाणं हेच पहिलं संकट होतं.

भरती-ओहोटीचं कोष्टक वाऱ्याच्या अंदाजाशेजारी ठेवूनच वाचा. काही किनारे ओहोटीला रुंद आणि उथळ होतात, मग शिकायची जागा तयार होते. काही ठिकाणी ओहोटीला खडक उघडे पडतात. भरतीला वाळूचा पट्टाच नाहीसा झाला तर काइट उतरवायची कुठे? जिथे दिवसाला दोन भरत्या असतात तिथे पाणी सुमारे सहा तास चढतं आणि सहा तास उतरतं, पण एकाच चालीने नाही. मधल्या दोन तासांत जवळपास निम्मं पाणी हलतं, तेव्हा प्रवाह सगळ्यात जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं-उतरतं. शिकणाऱ्याला भांगाचे दिवस सोयीचे. एक नॉटचा प्रवाह ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो मिनिटाला ३० मीटर वाहून नेतो. खाडीच्या तोंडाशी ओहोटी लागली असेल तर वारा कितीही चांगला असो, तिथे उतरू नका.

आकाश

पाऊस स्वतः फारसा त्रास देत नाही, ढग देतात. काळा, सपाट बुडाचा, खाली पावसाचा पडदा लोंबणारा ढग दिसला की समजा, त्याच्या पुढे थंड हवेचा लोट येतोय. तो पावसाच्या आधी पोचतो. वारा आधी पडल्यासारखा होतो, हवा गार लागते, आणि मग मिनिटा-दोन मिनिटांत दिशा बदलून दुप्पट जोराने सुटतो. त्या वेळी काइट हवेत असणं म्हणजे मोठा धोका.

वीज चमकली आणि ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती १० किलोमीटरच्या आत आहे. काइट खाली, सगळे पक्क्या आडोशाला, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. अंदाजात दुपारी वादळाची शक्यता दाखवत असतील तर सकाळच्या चांगल्या वाऱ्याच्या मोहात पडण्याआधी प्रशिक्षकाला विचारा, वादळ लवकर आलं तर बाहेर कसं आणि किती वेळात पडायचं?

किनाऱ्यावरची १५ मिनिटं

पोचल्यावर लगेच सामान उघडू नका. १५ मिनिटं नुसतं बघा. पाण्यावर पांढरे तुरे कुठे कुठे, तुरळक दिसत असतील तर वारा १० नॉटच्या आत. बऱ्यापैकी जागोजागी दिसू लागले की ११ ते १६. सगळीकडे तुरेच तुरे आणि तुषार उडताहेत, तर १७ च्या वर. हे ब्युफोर्टच्या, म्हणजे पाणी बघून वाऱ्याचा जोर ठरवायच्या, मापातले तिसरा, चौथा आणि पाचवा आकडा, आणि आजही ते उपयोगी पडतात. पाण्यावर गडद डाग धावत येताना दिसले तर ते झोत. दोन डागांमधलं अंतर आणि डागाबाहेरचं गुळगुळीत पाणी बघितलं की वारा किती तुटक आहे ते कळतं. झेंडा असेल तर तो ताठ राहतोय की उठतोय-पडतोय ते बघा.

यंत्र असेल तर मोकळ्यावर, पाण्याच्या कडेला, हात उंच करून तीन मिनिटं धरा. सरासरीसोबत सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडाही टिपा. आधीच पाण्यात असलेल्यांच्या काइट कुठल्या मापाच्या आहेत ते विचारा. सगळे ७ चौरस मीटरच्या छोट्या काइट लावून बसले असतील तर वारा जोरात आहे, तो तुमचा दिवस नाही. अनुभवी लोक काइट गुंडाळत असतील तर का, हेही विचारा, लाजू नका.

धडा ठरवताना

एकच दिवस ठरवून येऊ नका. तीन-चार दिवस सलग मोकळे ठेवा, त्यातले दोन वाऱ्याचे निघाले तरी चांगलं शिकून होतं. वारा नसेल तर पैशाचं काय, तारीख बदलून मिळते का, हे आधी लेखी ठरवा. धडा रद्द करायला जो प्रशिक्षक कचरत नाही त्याच्याकडेच जा.

पाण्यात असताना थांबायची खूणही आधीच ठरवा. वारा वळून जमिनीकडचा व्हायला लागला, झोत सुरुवातीच्या मोजणीपेक्षा पाच-सहा नॉटनी वर गेले, काइट दोनदा स्वतःहून मागे पडली, किंवा थंडीने बोटं बारवर नीट वळेनाशी झाली, यातलं एकही घडलं की धडा तिथेच थांबवायचा. राहिलेला तास जमिनीवर काइटची सुटका-यंत्रणा, म्हणजे संकटात काइटची ओढ तोडणारी कळ, हाताने उघडायच्या सरावाला द्या, डोळे मिटून, डाव्या हाताने आणि उजव्या हातानेही.